खेळ ओसरतो, जमीन मात्र परत येत नाही
जगभर गोल्फची मैदाने बंद होत असताना शहापूर-मुरबाडने त्यातून काय शिकावे?

उंबरमाळी (ता. शहापूर) : २१ जुलै २०२१ च्या रात्री कसारा परिसरात कोसळलेल्या पावसाने उंबरमाळी स्थानकातील रूळ दिसेनासे झाले. पाणी थेट फलाटाला टेकले आणि त्याची छायाचित्रे देशभर पाहिली गेली. ज्यांनी हे स्थानक त्या दिवशी प्रथमच पाहिले त्यांना येथे पाण्याचा तुटवडा असेल, हे सांगूनही पटले नसते. परंतु याच शहापूर तालुक्यातील कित्येक गावे आणि पाडे होळी उलटली की टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. चार महिने पाणी अंगावर येते आणि उरलेले महिने ते हंड्याने मोजावे लागते. या भागातील जमिनीचा कोणताही प्रश्न या दोन टोकांमध्येच उभा असतो.

अशा ठिकाणी गोल्फची चर्चा अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांत गोल्फ खेळणारा माणूस शोधून सापडणार नाही. तरीही हा विषय येथूनच पाहण्यास कारण आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि शहापूर तालुका मुंबईच्या आणखी जवळ आला. रस्ता आला की त्यामागून जमिनीचा व्यवहार येतो. फार्महाऊस, सेकंड होम, रिसॉर्ट हे शब्द येथील शेतकऱ्यांना आता नवे नाहीत. महानगरांच्या परिघावरील मोठ्या गृहसंकुलांच्या जाहिरातींत या शब्दांच्या पुढची पायरी म्हणून हमखास जो शब्द येतो, तो म्हणजे गोल्फ. डोंबिवलीजवळच्या पलावापर्यंत हा शब्द येऊन पोहोचला आहे. हा लेख कोणत्याही एका प्रकल्पाविषयी नाही. मात्र ज्या खेळाच्या नावावर शेकडो एकर जमीन मागितली जाऊ शकते, त्या खेळाची जगात आणि महाराष्ट्रात काय अवस्था आहे, हे मागणी येण्यापूर्वीच समजून घेणे हिताचे ठरेल.

घसरणीचे खरे चित्र

गोल्फची लोकप्रियता घटत आहे, हे विधान अर्धे खरे आहे. अमेरिकेत या शतकाच्या पहिल्या दशकात सुमारे तीन कोटी लोक गोल्फ खेळत असत. पुढील दहा-बारा वर्षांत ही संख्या दोन कोटी चाळीस लाखांच्या आसपास घसरली. २००६ पासून तेथे नव्याने सुरू होणाऱ्या मैदानांपेक्षा बंद पडणाऱ्या मैदानांची संख्या अधिक राहिली. २०१६ मध्ये नायके कंपनीने गोल्फच्या काठ्या आणि चेंडू बनविणे थांबविले, तर २०१७ मध्ये आदिदासने आपला गोल्फ साहित्याचा व्यवसाय विकला. विशेष म्हणजे २०१६ मध्येच रिओ येथे गोल्फचे तब्बल ११२ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये पुनरागमन झाले होते. ऑलिंपिकचा मान मिळाला, पण हौशी खेळाडू मैदानाकडे परतले नाहीत.

ते परतले करोनाच्या काळात. मोकळ्या हवेत, अंतर राखून खेळता येणारा खेळ म्हणून २०२० नंतर गोल्फला पुन्हा बहर आला आणि अमेरिकेतील खेळाडूंची संख्या २०२४ मध्ये दोन कोटी ऐंशी लाखांच्या घरात गेली. परंतु या पुनरागमनाचे स्वरूप बारकाईने पाहिले पाहिजे. वाढीचा मोठा वाटा मैदानाबाहेरच्या गोल्फचा आहे. जाळीबंद जागेत चेंडू टोलविण्याच्या पट्ट्या, पडद्यावर मैदान दाखविणारी यंत्रे आणि खाण्यापिण्यासह तास-दोन तास घालविण्याची करमणूक केंद्रे यांच्याकडे तरुणांचा ओढा आहे. याचाच अर्थ असा, की ज्या गोल्फला आज नवे चाहते मिळत आहेत, त्याला दीडशे एकर जमिनीची गरजच नाही.

जुन्या पद्धतीचा गोल्फ का मागे पडला, याची कारणे गूढ नाहीत. १८ होल्सचा एक डाव पुरा होण्यास चार ते साडेचार तास लागतात. नोकरी, प्रवास आणि संसार यांत अडकलेल्या माणसाला सुट्टीचा अर्धा दिवस एकट्याच्या खेळासाठी काढणे जड जाते. साहित्य महाग, क्लबचे सदस्यत्व त्याहून महाग आणि खेळ शिकण्यास अवघड. २०१९ मध्ये नियम सुटसुटीत करण्यात आले, ते हेच ओळखून. चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आणण्यात आली. पण नियम बदलून दिवसाचे तास वाढत नाहीत.

जपानचे उदाहरण आपल्यासाठी अधिक बोलके आहे. तेथे १९८७ मध्ये रिसॉर्टविषयक कायदा झाला आणि डोंगरउतारांवर गोल्फ मैदानांचे पीक आले. क्लबचे सदस्यत्व शेअरप्रमाणे विकले-विकत घेतले जाऊ लागले. १९९० च्या दशकात तेजीचा फुगा फुटला, सदस्यत्वाची किंमत कोसळली आणि पुढे लोकसंख्या वृद्ध होत गेली तशी खेळणाऱ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. सोडून दिलेल्या मैदानांचे करायचे काय, हा प्रश्न तेथे इतका तीव्र झाला, की २०१५ मध्ये क्योसेरा कंपनीने क्योटो परिसरातील अशाच एका जागेवर २३ मेगावॅटचा सौरऊर्जा प्रकल्प हाती घेतला. चीनने तर २००४ मध्येच नव्या मैदानांवर बंदी घातली होती. ती धाब्यावर बसवून मैदाने होत राहिली तेव्हा २०१७ मध्ये पाणी आणि शेतजमिनीचे कारण देऊन १११ मैदाने बंद करण्यात आली.

महाराष्ट्रात नाव उरले

भारतात गोल्फ आला तो इंग्रजांबरोबर. १८२९ मध्ये स्थापन झालेला कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना मानला जातो. मुंबईत विलिंग्डन क्लब आणि १९२७ मधील चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब ही त्याच परंपरेची अपत्ये. छावण्यांच्या गावी लष्कराची मैदाने झाली. हा खेळ साहेबाचा, नंतर साहेबाच्या जागी बसलेल्या अधिकाऱ्याचा आणि पुढे उद्योजकाचा राहिला. क्रिकेटसारखा तो गल्लीत उतरला नाही, कबड्डीसारखा मातीत रुजला नाही. त्यामुळे ज्याला घसरण म्हणावे एवढी उंची त्याने सर्वसामान्यांत येथे कधी गाठलीच नव्हती.

याची साक्ष हवी असेल तर उंबरमाळीहून घाट चढून नाशिकला जावे. त्र्यंबक रस्त्यावरील विस्तीर्ण मैदानाला नाशिककर आजही गोल्फ क्लब मैदान म्हणतात. त्याचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ मध्ये नाशिकमध्ये जिल्हाधिकारी जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या क्रांतिकारकाचे ते नाव. तेथे सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते, रणजी करंडकाचे क्रिकेट सामने होतात. गोल्फ मात्र केवळ लोकांच्या जिभेवर उरला आहे. पुण्यातही येरवड्याचा गोल्फ क्लब चौक रोज हजारो वाहनचालक ओलांडतात. त्यांपैकी बहुतेकांच्या लेखी ते सिग्नलचे आणि वाहतूक कोंडीचे ठिकाण आहे.

नाशिकच्या मैदानाची गोष्ट त्यातल्या त्यात सुदैवी म्हटली पाहिजे. खेळ गेला, पण जागा सार्वजनिक राहिली आणि शहराच्या उपयोगी पडली. खासगी मालकीच्या गोल्फ मैदानाबाबत असे घडेलच, याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही.

याचा अर्थ महाराष्ट्रात या खेळाचे गुणी खेळाडू नाहीत, असा नव्हे. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. त्याच स्पर्धेत बंगळुरूची अदिती अशोक चौथी आली, तेव्हा ज्यांनी आयुष्यात गोल्फची काठी हाती धरली नव्हती त्यांनीही पहाटे उठून दूरचित्रवाणी लावली होती. पण त्या सकाळचे कुतूहल दुसऱ्या दिवशी मैदानावर उतरावे, अशी सोयच सर्वसामान्य घरातील मुलांसाठी नव्हती. सिडकोचे खारघर येथील मैदान हा शासकीय संस्थेने केलेला वेगळा प्रयत्न होता. पण त्याच्या विस्तारासाठी डोंगराला हात लावला जात असल्याच्या तक्रारींमुळे अलीकडच्या वर्षांत त्याचीही चर्चा खेळापेक्षा पर्यावरणाच्या अंगाने अधिक झाली.

खेळासाठी की जमिनीसाठी?

खेळणारे थोडे आणि जागा मोठी, असे असताना गोल्फ मैदानाची आखणी का होते? उत्तर मैदानाच्या कडेला असते. हिरवळीकडे तोंड असलेल्या बंगल्याला आणि सदनिकेला अधिक दर मिळतो. मैदान तोट्यात चालले तरी भूखंड विकले जाईपर्यंत त्याने आपले काम केलेले असते. खेळ हे निमित्त आणि देखावा हा माल, असा हा व्यवहार आहे.

सह्याद्रीच्या कुशीत असे दोन मोठे प्रयोग महाराष्ट्राने पाहिले. लोणावळ्याजवळच्या सहारा समूहाच्या ॲम्बी व्हॅलीत १८ होल्सचे, रात्री प्रकाशझोतात खेळता येईल असे मैदान उभे राहिले. गुंतवणूकदारांचे पैसे परत करण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये या संपूर्ण मालमत्तेच्या लिलावाचा आदेश दिला. ३७ हजार कोटी रुपयांहून अधिक राखीव किंमत ठरली, पण त्या किमतीला घेणारा पुढे आला नाही. मुळशी तालुक्यातील लवासा या गिरिशहरात ब्रिटिश खेळाडू निक फाल्डो यांच्या आराखड्याचे मैदान जाहीर झाले होते. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लवासाला नोटीस बजावली आणि २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरी संहितेखालील प्रक्रियेत गेली.

या दोन्ही प्रकल्पांच्या अडचणींचे मूळ गोल्फमध्ये नव्हते, हे स्पष्ट केले पाहिजे. पण त्यांतून एक गोष्ट दिसते. डोंगर एकदा खोदला, ओढे वळविले आणि सातबाऱ्यावरची शेती बिगरशेती झाली, की पुढे कंपनी टिको वा बुडो, पूर्वीची स्थिती परत येत नाही. गोव्यात म्हणूनच या प्रश्नावर वेळीच आवाज उठला. सिंधुदुर्गाच्या सीमेला चिकटलेल्या तेरेखोल गावात गोल्फ रिसॉर्टचा प्रस्ताव आला तेव्हा २०१४-१५ च्या सुमारास काजूच्या बागा कसणाऱ्या कुळांनी त्याला विरोध केला. २९ एप्रिल १९९३ रोजी आशियातील विविध देशांच्या कार्यकर्त्यांनी गोल्फविरोधी जागतिक चळवळीची घोषणा केली, तिच्यामागेही जमीन आणि पाणी हेच दोन मुद्दे होते.

पाण्याचा हिशेब

शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने यातील निर्णायक मुद्दा पाण्याचा आहे. १८ होल्सच्या मैदानाला साधारणपणे १२० ते २०० एकर जागा लागते. त्यापैकी सुमारे ४० हेक्टरवर, म्हणजे शंभर एकरांवर, हिरवळ राखायची असे धरू. कडक उन्हात हिरवळीतून रोज ५ मिलिमीटर पाणी उडून जाते, असे मानले तर तेवढे भरून काढण्यासाठी रोज २० लाख लिटर पाणी द्यावे लागेल. १० हजार लिटरच्या टँकरने ते आणायचे तर रोज २०० टँकर लागतील. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटरचे प्रमाण ठरविले आहे. त्या हिशेबाने हे पाणी ३६ हजार लोकांना पुरेल. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांचा आकडा २४ कोटी लिटरच्या घरात जातो.

गवताची जात, मातीचा पोत आणि व्यवस्थापन यांनुसार हा आकडा खाली येऊ शकतो, हे मान्य केले पाहिजे. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते हिरवळीला देण्याचा मार्गही आहे आणि तो योग्यच आहे. परंतु त्यासाठी जवळ शहर हवे, त्याचे सांडपाणी हवे आणि ते शुद्ध करणारे केंद्र हवे. विखुरलेल्या पाड्यांच्या तालुक्यात लाखो लिटर सांडपाणी आणायचे कोठून? मग उरतात ती नदी, विहीर आणि कूपनलिका. शेजारच्या पाड्याची विहीरही त्याच भूजलावर जगत असते.

या तालुक्याचा पाण्याशी असलेला संबंध मुळातच एकतर्फी आहे. १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण येथले. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांचा एकत्रित साठा सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे आणि त्यातील जवळपास निम्मा, सुमारे ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, एकट्या भातसा धरणाचा आहे. तेही शहापुरातच. मुरबाडच्या हद्दीवरील बारवी धरणाने औद्योगिक पट्ट्याची आणि शहरांची तहान भागविली. मुरबाडमधीलच काळू धरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले, कारण पुरेशा परवानग्या आणि ग्रामसभांची संमती यांचा प्रश्न उभा राहिला. दुसरीकडे शहापूरच्या टंचाईग्रस्त गावांसाठी भावली धरणातून पाणी आणण्याची योजना मंजूर होऊनही वर्षानुवर्षे रखडली. धरणाच्या भिंतीजवळ राहणाऱ्याला पाणी न मिळणे, ही येथील तीन पिढ्यांची तक्रार आहे. तिच्यात करमणुकीच्या हिरवळीची भर पडू नये, अशी अपेक्षा कोणी केली तर त्याला विकासविरोधी म्हणता येणार नाही.

दुसरा धोका खते आणि कीटकनाशकांचा. गालिच्यासारखी एकसारखी हिरवळ निसर्गतः टिकत नाही. तिला खते, तणनाशके, बुरशीनाशके द्यावी लागतात. जुलैतील कसाऱ्याचा पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला ही औषधे उतारावरून कोठे वाहत जातील हे सांगण्याची गरज नाही. तालुक्याचा मोठा भाग तानसा आणि भातसा यांच्या पाणलोटाचा आहे. म्हणजे हा प्रश्न पाड्यापुरता राहत नाही, तो मुंबईच्या नळापर्यंत जातो.

रोजगाराची बाजू

गोल्फच्या समर्थनार्थ रोजगाराचा मुद्दा पुढे येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. हिरवळ राखण्यास माणसे लागतात, खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारे आणि चेंडूचा माग ठेवणारे कॅडी लागतात. दिल्लीत कॅडी म्हणून काम केलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकून ती जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू होण्याचा मान मिळविला आणि १९९३ मध्ये ती पुन्हा जिंकली. गरीब घरातील मुलासाठी हा खेळ दार उघडू शकतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण नाही.

परंतु असे उदाहरण विरळा असते म्हणूनच ते सांगितले जाते. कॅडीचे उत्पन्न त्या दिवशी किती लोक खेळण्यास आले, यावर अवलंबून असते. त्यातच बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांनी कॅडीचे काम कमी केले आहे. खेळणारे घटले की पहिला फटका त्यालाच बसतो. शंभर एकरांवर भात, नागली, वरई घेणारी आणि वरकस जमिनीवर गवत कापून विकणारी किती कुटुंबे जगतात आणि तेवढ्याच जागेवरील मैदान किती जणांना बारमाही पगार देईल, याची तुलना कागदावर मांडल्याशिवाय रोजगाराचा दावा स्वीकारण्यात अर्थ नाही. जमीन विकून आलेला पैसा घर, गाडी आणि लग्नकार्यात संपल्यावर त्याच जमिनीवर माळी म्हणून राबण्याची वेळ येणे, हा अनुभव मुंबईच्या आसपासच्या तालुक्यांना नवीन नाही.

ग्रामसभेच्या हाती काय?

या बाबतीत शहापूर तालुका कायद्याने दुबळा नाही. संपूर्ण तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी तेथील ग्रामसभांना जमीन, पाणी आणि इतर नैसर्गिक साधनांबाबत बोलण्याचा हक्क दिला आहे. आदिवासींची जमीन बिगर आदिवासींकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ चा निर्बंध आहे. शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेण्यावर कूळकायद्याची मर्यादा आहे. पळवाटा असतात आणि त्या शोधणारेही असतात. पण हक्क वापरायचा तर प्रश्न नेमके विचारावे लागतात.

करमणुकीसाठी मोठी जमीन मागणारा कोणताही प्रस्ताव आला, मग तो गोल्फचा असो वा अन्य कशाचा, तर तीन प्रश्नांची लेखी उत्तरे घेतल्याशिवाय ठराव होऊ नये. पहिला, फेब्रुवारी ते मे या काळात पाणी कोठून आणि किती घेणार? दुसरा, स्थानिकांना किती कायम नोकऱ्या, कोणत्या पगारावर आणि किती वर्षांसाठी देणार? तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, हा व्यवसाय बंद पडला तर जमिनीचे काय होणार आणि तिचा खर्च कोण सोसणार? जपानमध्ये हा तिसरा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही. आपल्याकडेही प्रकल्पांच्या माहितीपुस्तिकांत तो कधी छापलेला नसतो.

गोल्फ या खेळाशी कोणाचे वैर असण्याचे कारण नाही. तो खेळावा, मुलांना शिकवावा, त्यासाठी शहरांत छोट्या सरावपट्ट्या व्हाव्यात. बदलत्या काळात खेळाला नवे चाहते तेथूनच मिळत आहेत. लोकांच्या आवडी येतात आणि जातात. काल गोल्फ होता, उद्या आणखी काही येईल. भाताचे खाचर मात्र बांध घालून, पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून तयार झालेले असते आणि एकदा ते बुजविले की कोणत्याही आदेशाने पुन्हा उभे राहत नाही. उंबरमाळीच्या रुळांवर चढलेले पाणी दुसऱ्या दिवशी ओसरले आणि गाड्या पुढे सुरू झाल्या. जमिनीच्या बाबतीत अशी सोय नसते.